आधी लाइन बघा

(मोटार वाइंडिंगच्या दुकानामागची खोली. रविवारची दुपार. म्हातारे आबा, त्यांची लेक आणि दुकान सांभाळणारा जावई. आतल्या खोलीचं दार बंद आहे, आत चौदा वर्षांची नात.)

जावई : अगं, तिनं कडी लावून घेतलीय आतून. आता काय, दार फोडू?

लेक : फोडू नकोस. ज्यांच्यामुळे लागलंय त्यांच्याच हातानं उघडून घेते.

जावई : कुणामुळे लागलंय?

लेक : विचार की समोर बसलेत त्यांना. मान खाली घालून स्क्रू शोधताहेत बघ कसे! सापडणार नाही स्क्रू, आबा. वर बघा.

आबा : मी काही केलेलं नाही. मी स्टार्टर दुरुस्त करतोय.

लेक : सकाळी पोरगी माझ्याबरोबर दवाखान्यात यायला तयार होती. केस बांधून, सैल बाह्यांचा शर्ट घालून बसली होती. तुम्हाला चहा द्यायला म्हणून दुकानात काय गेली आणि परत येऊन मला विचारते, "आई, तू मला तसली समजतेस का गं?" तसली! माझ्या पोटच्या पोरीनं मला विचारावं हे? हा शब्द तिला शाळेत नाही शिकवला कुणी.

आबा : तिनं विचारलं, आजोबा, हे कशाचं इंजेक्शन. मी सांगितलं. खोटं बोलू?

लेक : काय सांगितलंत? शब्दनशब्द ऐकू दे.

आबा : म्हटलं, ज्या तसल्या मुली नाही तिथे जातात त्यांच्यासाठी असतं ते. आपल्या घरातल्या मुलींना त्याची गरज नाही. संपलं. यात वावगं काय बोललो?

जावई : आबा, अहो, पण सगळ्याच मुलींना देतात ते. शाळेतून सांगितलंय. तिच्या वर्गातल्या निम्म्या पोरींचं झालंसुद्धा.

आबा : जावईबापू, परवा तुम्हीच म्हणत होता ना, घाई काय, थोडी मोठी होऊ दे म्हणून?

जावई : म्हणालो होतो... म्हणजे मी आपलं बापाच्या काळजीनं. ताप आला, हात सुजला तर...

लेक : काल डॉक्टरांना विचारलंस ना? हात दुखेल, कदाचित ताप येईल, एखाद-दोन दिवसांत जाईल, असं म्हणाले ना? आणि मोठी झाल्यावर डोस वाढतात हेही सांगितलं. तेव्हा मान डोलावत होतास. आता इकडे यांनी हूं म्हटलं की तिकडे तुझं शेपूट हलायला लागलं.

जावई : बरं बाई, माझं शेपूट मी पायात घालून बसतो. मी तुझ्या बाजूनंच आहे. पण पोरगी दार उघडत नाही त्याचं काय करायचं?

लेक : ती माझं ऐकणार नाही, तुझंही ऐकणार नाही. ऐकते फक्त यांचं. आजोबा म्हणतील ती पूर्व दिशा! दुकानात गल्ल्यावर बसवून मॅनेजर, मॅनेजर करून डोक्यावर चढवून ठेवलीय ना? मग आता तिला खाली उतरवायचं तेही तुम्हीच. उठा, आबा. दाराशी जा आणि सांगा तिला.

आबा : मी जे बोललो ते बोललो. बोललेला शब्द फिरवत नाही मी.

लेक : फिरवाल. आज फिरवाल.

आबा : हे बघ, बाई, आवाज खाली. दुकानात पोरं आहेत.

लेक : रविवार आहे. दुकानात कोणी नाही. आणि असते तरी मला चाललं असतं.

जावई : अगं, हळू...

लेक : काल दवाखान्यात नर्सबाईंनी आम्हा सगळ्या आयांना एकत्र बसवून समजावून सांगितलं. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर संबंधातून येणाऱ्या विषाणूनं कसा होतो, ही लस कशी आधीच अडवते, सगळं. मध्येच एक बाई उठल्या. म्हणाल्या, माझी मुलगी अगदी सरळ आहे हो, तिला कशाला? तर नर्सबाई म्हणाल्या, ताई, मुलगी सरळ असून भागत नाही. उद्या नवराही सरळ मिळायला लागतो. सगळ्या खो खो हसल्या. मी नाही हसले.

जावई : का? मला तर ऐकूनच हसू येतंय.

लेक : मला आई आठवली.

आबा : तिचं नाव मध्ये आणायचं नाही.

लेक : आणणार! तिचंच तर आणणार आहे. आई गेली ती याच आजारानं. कधी उंबऱ्याबाहेर पाय टाकला होता तिनं? भाजी आणायला निघाली तरी तुम्हाला सांगून जायची. शेजारचा माणूस दारात आला तर पदर सावरून आत पळायची. मग तिला कुठून आलं हो हे?

आबा : नशीब तिचं.

लेक : नशीब! बरं, मला एक सांगा. मोटार जळून आली की आधी काय बघायचं?

आबा : त्याचा इथे काय संबंध?

लेक : तू सांग रे. तुला पहिल्या दिवशी काय शिकवलं यांनी?

जावई : मोटारीला शिव्या घालू नका, आधी गिऱ्हाइकाकडे जाऊन विजेची लाइन बघा. लाइन खराब असेल तर नवीन वाइंडिंगही जळणार. आबा तर लाइन बघून आल्याशिवाय तारेला हात लावू देत नाहीत कुणाला.

लेक : ऐकलंत? अख्ख्या बाजाराला ठाऊक आहे तुमची ही पद्धत. मग आई जळून पडली तेव्हा लाइन का नाही बघितलीत, आबा?

आबा : तोंड सांभाळ.

लेक : महिना-महिना पंप बसवायला बाहेरगावी जायचात. बरोबरचे फिटरकाका संध्याकाळी पिऊन आपल्या पायरीवर बसायचे आणि साइटवरच्या गमती सांगायचे. तुम्ही कुठे मुक्काम करायचात, कुणाकडे करायचात. मी लहान होते, मला वाटायचं तिथे तुमच्या कुणी नातेवाईक बाई असतील. आईलाही तेच वाटत असेल, नाही तर वाटून घेत असेल.

जावई : आबा... खरं आहे हे?

आबा : तरुणपणी माणसाकडून होतं एखादं. पण मला कधी काही झालं नाही! एक दिवस अंथरूण धरलं नाही मी.

लेक : तेच तर! पुरुषाला बहुतेक वेळा पत्ताच लागत नाही, तो नुसता घेऊन येतो घरी. हेही सांगितलं काल.

आबा : म्हणजे मला माहीत नव्हतं ना? मग? जे माहीतच नव्हतं त्याची फाशी देतेस मला?

लेक : नाही देत. रोग दिलात त्याची फाशी नाही देत, आबा. तुम्हाला माहीत नव्हतं, मानलं. पण दवाखान्यातून आल्या आल्या आईला विचारलंत ते? ती पलंगावर पडलेली, पोटात कळा येताहेत, आणि तुम्ही दार लोटून घेऊन विचारताय, "खरं सांग, कोण होता?" मी बाहेर उभी होते, पाण्याचा तांब्या घेऊन. ते तर माहीत असून विचारलंत! स्वतःचं तरी माहीत होतं की तुम्हाला!

जावई : अरे देवा.

लेक : मी आत गेले तर तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाली, या पोरीची शपथ, दुसऱ्या पुरुषाकडे मान वर करून बघितलं नाही. एवढंच म्हणत राहिली. आणि तुम्ही ताट वेगळं केलंत तिचं. आत्याला सांगितलंत. आत्यानं सगळ्या नात्यात सांगितलं, तसल्या बायांना होतो तो आजार. तोच शब्द आज माझ्या पोरीला दिलात. तोच! हात कसा नाही कापला तुमचा तिच्या हातचा चहा घेताना?

जावई : अगं, बस कर. म्हातारा माणूस आहे. घाम फुटलाय त्यांना.

लेक : फुटू दे. तिलाही फुटायचा. तू नको मध्ये पडूस. इतकी वर्षं मला कळतच नव्हतं, मला यांचा एवढा राग का येतो. जेवायला वाढताना राग, औषधाची गोळी हातावर ठेवताना राग. स्वतःलाच दोष द्यायचे, बाप आहे, असं काय करतेस म्हणून. काल त्या बाकड्यावर बसल्या बसल्या लख्ख कळलं. आणि खरं सांगू? बरं वाटलं. म्हटलं, आता सोडत नाही.

जावई : सूड घ्यायचाय तुला.

लेक : हो. सूडच म्हण. मला अजिबात लाज नाही वाटत.

आबा : काय करायचं मी? तुझे पाय धरू?

लेक : माझे कशाला? मला काय करायचंय तुमच्या हातांचं? त्या दाराशी जा आणि तिला सांगा की आजी तसली नव्हती.

आबा : मी तिला जा म्हणतो. इंजेक्शन घे म्हणतो. एवढ्यानं काम होईल ना तुझं?

लेक : नाही होणार. ती विचारेल, सकाळी नको म्हणालात आणि आता हो कसं? तुमच्याच तालमीतली आहे, कारण मिळाल्याशिवाय हलत नाही.

आबा : सांगेन, माझं चुकलं म्हणून.

लेक : काय चुकलं ते सांगा. आजीला कुणामुळे झालं ते सांगा. नाही तर मी सांगते.

आबा : तू नको.

लेक : मी सांगितलं तर तोंड माझं असेल आणि मसालाही माझा. काय काय घालीन त्यात, माझा मलाच भरवसा नाही. त्या फिटरकाकांचे किस्से अजून पाठ आहेत मला.

आबा : ती माझ्याशी बोलणार नाही मग. एवढं एकच माणूस या घरात माझ्याजवळ येऊन बसतं, गं.

लेक : ठाऊक आहे मला. म्हणूनच.

जावई : आबा, उठा. मी धरतो. सावकाश.

आबा : सोड. चालता येतं मला... मॅनेजर. ए मॅनेजर. दार उघड.

नात : आजोबा, मी नाही जाणार. सांगा आईला. तुम्हीच म्हणालात ना?

आबा : म्हणालो. चुकीचं म्हणालो. जा तू. घेऊन ये इंजेक्शन.

नात : आईनं ओरडून तुम्हाला पाठवलंय. मला ऐकू येत होतं, ती ओरडत होती. काय ते नीट कळलं नाही.

आबा : ओरडली. पण हे मी सांगतोय. ते सगळ्या मुलींसाठी असतं. चांगल्या, वाईट, सगळ्या. तुझी आजी... तुझी आजी त्याच आजारानं गेली.

नात : पण आत्याआजी म्हणायची, आजीनं काहीतरी...

आबा : खोटं. तिनं काहीही केलं नव्हतं. तिच्यासारखी बाई मी बघितली नाही.

नात : मग तिला कसं झालं?

जावई : (हळूच) पुरे आता. पोरीसमोर नको.

लेक : गप्प बस.

नात : आजोबा? आहात ना?

आबा : आहे. माझ्यामुळे झालं. मी बाहेरगावी जायचो कामाला. तिथे मी नीट वागलो नाही. तिथून आणलं आणि तिला दिलं. मला काहीच झालं नाही, तिला झालं.

नात : तुम्हाला माहीत नव्हतं ना पण? की आपल्यामुळे होतंय?

लेक : विचार, विचार. सगळं विचार.

आबा : आधी नव्हतं. नंतर... तिला बाहेर बसवून डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं. विचारलं, तुम्ही बाहेर कुठे जाता का? हे नवऱ्याकडूनही येतं म्हणाले. मी म्हटलं, छे, मी नाही त्यातला.

जावई : काय?

आबा : मग घरी आलो आणि तिला विचारलं, कोण होता.

नात : तुम्हाला माहीत होतं तरी?

आबा : मी विचारलं नसतं तर तिनं मला विचारलं असतं. म्हणून मी आधी विचारलं.

नात : मग आजी काय म्हणाली?

आबा : रडली. शेवटपर्यंत म्हणायची, माझंच काहीतरी चुकलं असेल, मला माफ करा.

नात : आणि तुम्ही?

आबा : मी केलं माफ. तिच्या हातावर हात ठेवला आणि म्हटलं, जा, केलं माफ.

जावई : (हळूच) तुला हे माहीत होतं?

लेक : नाही. एवढं नव्हतं माहीत.

जावई : बस ना जरा. खुर्ची घे. ये, मी धरतो.

लेक : मला हात लावू नकोस.

नात : आई.

जावई : उघडलं बघ दार. ये, बाळा.

नात : आई, दवाखाना उघडा आहे का अजून?

लेक : आहे. लसीसाठी आज रविवारीही संध्याकाळपर्यंत आहे.

नात : चल मग. कुठल्या हातावर देतात?

लेक : डाव्या. लिहायचा हात मोकळा ठेवतात.

नात : बाबा, तुम्ही स्कूटर काढा. आपण तिघं जाऊ.

आबा : मी येऊ का गं? बाहेर बाकड्यावर बसेन नुसता.

नात : नको. तुम्ही नका येऊ.

आबा : बरं.

जावई : अगं, त्यांना असं एकटं टाकून कसं जायचं? काहीतरी बोल तरी त्यांच्याशी.

लेक : आबा, पाणी प्या. गोळी घ्या आणि इथेच बसून राहा. मी आल्यावर बोलणार आहे.