दारातली उदबत्ती

डोंगरीच्या बसच्या रांगेत माझ्यापुढे मायलेकी. लेकीच्या गळ्यात हॉस्पिटलचं कार्ड, त्यावर ‘इंजिनीअर’.

“नव्या ऑपरेशन थिएटरची पूजा करू दिली नाहीस म्हणे?”

“दारात करा म्हटलं. आत धूर चालत नाही, आई.”

“ट्रस्टींनी ऐकलं?”

“छे. म्हणाले, एवढा महागडा एसी बसवलास आणि उदबत्तीला घाबरतेस?”

“मग गं?”

“म्हटलं, काका, दार उघडते. उंबऱ्यावर उदबत्ती धरा. आतली हवा बाहेर ढकलली जाते, बाहेरचं काही आत शिरत नाही. बघाच.”

“शिरला धूर?”

“सगळा त्यांच्याच तोंडावर. खोकत खोकत म्हणाले, उद्यापासून ऑपरेशनं चालू करा.”

“आणि नारळ?”

“माझ्या हातात दिला. म्हणाले, तूच फोड.”

आईने लेकीची पिशवी उघडली, मागे वळून माझ्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला.

“घ्या. आमच्या थिएटरचा प्रसाद.”