मौनाचं जेवण आणि मनी

अगं, मांजरीपायी मी माझ्या मोठ्या जाऊबाईंवर जळत होते, हे सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही. नालवाडीच्या रस्त्यावर कुत्र्यांच्या तावडीतून मनीला पदरात घालून आणलं मी, आणि ती ज्वारीच्या कोठीमागून निघे ती थेट जाऊबाईंच्या सुपाशी. त्या मुकाट्याने तांदूळ निवडत बसायच्या, ही त्यांना टेकून झोपायची. मी मात्र दिवसभर दुधाची वाटी घेऊन "ये गं बाई, ये गं राणी" करी, आणि ती आणखीच आत सरके.

"काऊन इतकी मागं लागतं तिच्या?" जाऊबाई हसत. "घाबरते ना ते तुले!"

देवापुढे दिवा लावताना मी म्हणे, देवा, हिला सुबुद्धी दे, आणि जाऊबाईंना चार दिवस माहेरी धाड.

मग चातुर्मास लागला. मौनाने जेवायचा माझा नेम. पानावरून उठेपर्यंत अक्षर बोलायचं नाही. पहिल्याच दिवशी मी गुपचूप जेवत होते, तर मनी कोठीमागून आली, पाटाला अंग घासलं आणि चक्क माझ्या मांडीवर चढून घुरघुरू लागली. वाढता वाढता जाऊबाईंचा हात थांबला. मला केवढं बोलायचं होतं! पण बोलले तर नेम मोडणार आणि मनीही पळणार.

ताट वाळून गेलं तरी मी बसूनच.

शनिवार होता, हे कचेरीतून लवकर आले. "काऊन, अजून जेवूनच राह्यली काय?"

"जेवण कवाच झालं तिचं, भाऊजी," जाऊबाई फणकारल्या. "मिरवून राह्यली!"