तिसरं बटण

हसू नको तर काय करू, दादा? नाही नाही, काचेला हात लावत नाहीये, नुसतं बघतेय. मेणाचा असून काय रुबाब मेल्याचा — शहरभर टोळ्या पोसल्या म्हणे — आणि अंगात काय, तर चॉकलेटी स्वेटर! त्यात ही पाटी. सकाळपासून ह्या पोलीस संग्रहालयात पहाऱ्याला उभे आहात, वाचलीत का? 'तिसरं बटण मुद्दाम वेगळं, टोळीची गुप्त खूण.' गुप्त खूण कसली डोंबलाची! माझ्या लेकीच्या फ्रॉकचं बटण आहे ते. पिवळं बदक. मूळचं हरवलं, घरात दुसरं मिळेना, म्हणून मीच टाकलं शिवून. आमचे हे कुरकुरले — इन्स्पेक्टरच्या पोटावर बदक शोभतं का म्हणून — पण घालायचे हो.

आमचे हे म्हणजे — खालून भाषण ऐकू येतंय ना, तेच. आज त्यांचाच सत्कार आहे. हा पळाला तेव्हा तीन वर्षं रक्ताचं पाणी केलं त्यांनी, घरी धड जेवले नाहीत. शेवटी दुसऱ्याच शहरात, दुसऱ्याच साहेबांना सापडला, पण पाठलाग तो पाठलागच, नाही का?

आता तुम्ही विचाराल, स्वेटर इथं कसा? सोपं आहे. ह्यांनी तो रस्त्यावर कुडकुडणाऱ्या एका म्हाताऱ्याला देऊन टाकला होता. आधी मी फुगून बसले — महिनाभर डोळे फोडून विणलेला! मग इतका अभिमान वाटला, की सगळ्या बिल्डिंगला सांगत सुटले. तर त्या म्हाताऱ्याने विकला असेल, ह्याने घेतला असेल. होतं की असं. चष्मा धुरकटलाय माझा, पाटीवरचं पुढचं जरा वाचता? …हाच घालून पळाला? इस्पितळातून? साध्या वेशातला पोलीस समजून कुणी अडवलंच नाही?

तारीख राहू द्या. लेकीचा वाढदिवस होता. हे रात्रपाळी करून सकाळी नुसत्या शर्टावर घरी आले — ओठ निळे पडलेले — आणि लेकीला उचलून घेऊन रडले. मला वाटलं, म्हाताऱ्याच्या कळवळ्याने. इस्पितळात ह्याच्या पहाऱ्यावर असलेल्या शिपायाची नोकरी गेली त्यात. त्याच्या बायकोला मीच समजवायला गेले होते — अगं, डोळा लागला त्याचा, त्याला कोण काय करणार. ती शपथा घेत होती, ते झोपले नव्हते, साहेबांनीच चहाला पाठवलं होतं. कुठल्या साहेबांनी, ते मी विचारलंसुद्धा नाही. उलट तिलाच म्हटलं, नवऱ्याची बाजू किती घ्यायची, त्यालाही काही मर्यादा असते.

असं बघू नका माझ्याकडे. मी काही बोलले नाही, तुम्ही काही ऐकलं नाही.

टाळ्या वाजल्या. आता इकडेच आणतील त्यांना, फोटोवाल्यांसकट. दादा, एक काम करा — बाकीच्यांना बाहेरच थोपवा, साहेबांना एकट्यांना आत सोडा. म्हणावं, बाईसाहेब बोलावताहेत. तुमचा तो कुडकुडणारा म्हातारा सापडलाय.

जा ना. आणि दार ओढून घ्या.