बिनऔषधाची गोळी

माहं माहेर भिवापूरचं, ताई. मिरचीचं भिवापूर, नाव ऐकलंच असन तुम्ही. माही माय मिरचीचे देठ तोडे, आजी देठ तोडे, मीबी तेच शिकली, अन् लोकं विचारतात का नाकाडोळ्यातून पाणी नाई येत का, तं येते न बाप्पा, काहून नाई येणार, पण शिंकता शिंकता गोष्टी होतात, दिवस निघून जाते. मले लहानपणापासून एकच खोड, विचारायची. ही मिरची जास्त तिखट काहून, ती पांढरी काहून पडली, एकाच झाडाच्या दोन मिरच्या सारख्या काहून नाई. मिरचीवाला शेठ म्हणे, यमुने, तुले मजुरी देठाची देतो का प्रश्नाची? अन् माय म्हणे, जाऊ द्या शेठ, तिच्या जिभेले हाडच नाई.

लग्न होऊन नागपुरात आली. पोराचे बाबा लवकर गेले, विनोदले मी वाढवलं, तो आता हिंगण्याले कंपनीत आहे, शिफ्टची नोकरी, कधी सकाळी जाते, कधी दुपारी जाते. बरं चाललं होतं आमचं. अन् मंग हे पोट. दोन घास खाल्ले का पोट भरल्यासारखं वाटे अन् फुगून येई. शेजारीण म्हणे गॅस आहे, ओवा खा. ओवा खाल्ला, हिंग लावला. दुसरी म्हणे, काहून वं यमुनाबाई, या वयात दिवस गेले का काय? आम्ही सगळ्या हसलो, मीच जास्त हसली. हसण्यावारी नेलं, ताई, अन् ते हसण्यासारखं नव्हतं.

सोनोग्राफी केली तं डॉक्टर मॅडम म्हणे अंडाशयात गाठ आहे, कॅन्सर आहे. विनोद तिथंच खुर्चीवर बसला. अन् मी काय विचारलं असन? मी म्हणलं मॅडम, अंडाशय माणसाले असते काय, मले वाटे कोंबडीलेच असते. मॅडमनं कागदावर काढून दाखवलं, ही गर्भपिशवी, हे दोन बाजूले दोन, बदामाएवढे. मी म्हणलं एवढ्याशा जागेत एवढं मोठं दुखणं कसं मावलं, अन् मले पयले काहून नाई समजलं? तं म्हणे हा रोग चुपचाप वाढते, बायका गॅसच समजतात, उशिरा येतात. ऑपरेशन झालं, कॅन्सरचे सलाईन झाले, केस गेले, तोंडाची चव गेली. मिरचीची चव नाई समजे, सांगा, भिवापूरच्या बाईले!

ते सगळं निपटल्यावर मॅडमनं बोलावलं. म्हणे यमुनाबाई, आता रोग दिसत नाही, पण हा परत येणारा रोग आहे. परत येऊ नये म्हणून एक नवीन गोळी आहे, तिचा अभ्यास चालू आहे. काही बायकांना खरी गोळी मिळेल, काहींना हुबेहूब तशीच पण बिनऔषधाची. कोणाला कोणती ते कॉम्प्युटर ठरवते, तुम्हालाही माहीत नाही, मलाही नाही. विनोद उठूनच उभा झाला, म्हणजे माह्या मायले खोटी गोळी देसान काय तुम्ही? मॅडम रागावली नाई. म्हणे एरवी या टप्प्यावर आपण कोणालाच गोळी देत नाही, नुसती तपासणी करतो, ती यांची होईलच, अन् नको वाटलं तर केव्हाही सोडा. मी म्हणलं पण तुम्हाले तं ठाऊक असन न, ती खरी गोळी चांगली आहे का नाई? तं म्हणे माहीत असतं तर अभ्यास कशाला केला असता. काय सांगू तुम्हाले, मले ती बाई तिथंच आवडली. डॉक्टर असून मले माहीत नाही म्हणते! मी सही केली.

तिथं भेटली शशीबाई. सावनेरची, तिचे मालक कोळशाच्या खाणीतून रिटायर झालेले. तिचंही दुखणं तेच, गोळीही त्याच अभ्यासातली. तपासणीच्या दिवशी आम्ही एकाच बाकावर बसो, ती बेसनाच्या पाटोडीची भाजी आणे, मी भाकर आणो. अन् बोलणं एकच, तुले कोणती असन वं, मले कोणती असन? मी म्हणलं थांब, मिरची डोळ्यानं नाई समजत, जिभेनं समजते, तोवर माही चव वापस आली होती. दर वेळी उरलेल्या गोळ्या परत आणून दाखवा लागत, त्यातली एक माही फोडली, एक तिची फोडली, दोन्हीचे तुकडे जिभेवर ठेवले. दोन्ही कडू! सारख्या कडू! मी तं चाटच पडली, बिनऔषधाची गोळीबी कडू बनवणारा तो कोण माणूस असन, ताई, त्याले पाहावंसं वाटते मले. गोळ्या मोजणारी शीतल मॅडम, तिच्या हिशेबात गोळी कमी भरली तवा मी खरं सांगून टाकलं. ते पोट्टी हसली पयले अन् मंग जे रागावली!

पण शशीबाईले मळमळ होई, थकवा येई, रक्त कमी झालं. मले काहीच नाई. मी खाऊन पिऊन टुणटुणीत. तं आम्हाले समजलंच, तिची खरी, माही बिनऔषधाची. अन् एक दिवस बाकावर बसल्या बसल्या ती म्हणे, यमुना, आपण भाजी वाटून खातो न, हेबी वाटून खाऊ, अर्धी तू घे. तिनं गोळी माह्या हातात ठेवली. ताई, आपल्या जिवातला अर्धा कोण देते? सख्खी बहीण देत नाई. मले लालूच आली, खरंच सांगते, मले जगायचं होतं, विनोदचं लग्न पाहायचं होतं.

मी उठून शीतल मॅडमकडे गेली, एखादीनं वाटून खाल्ली तं काय होईन म्हणलं. तिचं तोंडच उतरलं. म्हणे मावशी, अर्धीनं दोघींचंही भागणार नाही, अन् मग कोणाला कशानं गुण आला हे कधीच कळणार नाही, तुमच्या मागून येणाऱ्या बायकांनाही नाही. ते मले पटलं. दोन पोत्यातली मिरची एकदा मिसळली का कोणती कोठची ते सांगता येत नाई. मी वापस येऊन म्हणलं, शशी, तुही तू खाय. तिले राग आला, मी जीव काढून देऊन राहिली अन् हे नाई म्हणते! डबा उचलून दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. पुढच्या बारीले मंग पाटोडी घेऊन आली, जसं काही झालंच नाई.

तिचा रोग वापस आला. पोटात पाणी भरलं. शेवटी मी सावनेरले तिले भेटाले गेली तं मले म्हणे, तू जेवली का? बस एवढंच. आठ दिवसांनी गेली ते.

पुढे अभ्यास संपला. मॅडम म्हणे खरी गोळी घेतलेल्या जास्त बायकांचा रोग जास्त दिवस लांब राहिला, आता ती गोळी दुसऱ्या बायकांना देता येईल. अन् तुमची, यमुनाबाई, बिनऔषधाची होती. विनोदच्या डोळ्यात पाणी, हसे बी अन् रडे बी. मंग शशीबाईच्या मालकाचा फोन आला, वहिनी, आमच्या हिची खरी होती म्हणे. मी फोन ठेवला. मी तिची अर्धी घेतली असती, तं मरेपर्यंत म्हणली असती का माह्यामुळं गेली शशी. तिले तिची पुरी भेटली, तरी गेली. मले काहीच नाई भेटलं, मी आहो. असं काहून?

मी मॅडमले विचारलं. म्हणे दुसऱ्या पेशंटचं मी बोलू शकत नाही, पण तुम्हा सगळ्यांच्या गाठींचे तुकडे मेणात जपून ठेवले आहेत, कोणाला गुण येतो, कोणाला नाही, अन् का, तेच शोधून राहिलो आम्ही. मी बाही वर केली, म्हणलं अजून रक्त लागत असन तं घ्या. विनोदच्या लग्नाले मॅडम आली होती, अक्षता टाकून मले म्हणे आज तरी विचारू नका. पण एरवी दर तपासणीले मी विचारतेच. आता तं मले दारात पाहिलं का ते आधीच मान हलवते, अजून नाही सापडलं, यमुनाबाई. मी म्हणते शोधा मॅडम, सावकाश शोधा. मी आहो.