संत्र्याच्या पेटीतला कम्प्युटर

मी मूळची लोधीखेड्याची, इथलीच, मध्यप्रदेशातली. माय-बाप दोघंही दुसऱ्याच्या वावरात जात, कापूस वेचाले, संत्रा तोडाले, अन आमी पोरं त्याइच्या मागं मागं. चौथीपर्यंत शाळेत गेली, तेही शाळा हिंदीत अन घरचं बोलणं मराठीत, तं दोन्हीतलं अर्धं अर्धं आलं, बाकी मी आपल्या आपण शिकली. किराण्याच्या दुकानातून पेपरच्या पुड्या येत ना, मिठाची पुडी, हळदीची पुडी, ते कागद झटकून झटकून वाचत बसो, अर्धी बातमी आपल्या पुडीत, बाकीची अर्धी कोणाच्या घरी गेली काय माहीत. तुम्ही वही उघडून म्हणता सारं सांगा, पण बाई, मले अर्धं सांगाचीच सवय हाये, जिथं तुटन तिथं तुम्ही जोडून घ्या.

लग्न होऊन पांढुर्ण्यात आली. आमचे हे, माह्या पोरीचे, प्रज्ञाचे बाबा, तवा नगरपालिकेत पाणीपुरवठ्यात होते, मोहल्ल्यामोहल्ल्याचे नळ सोडाचं काम, मोठ्या चाव्या घेऊन सायकलीवर फिरत. उन्हाळ्यात लोकं दारात उभे राहत, दादा, आमच्याकडे पाणी नाही आलं, दादा, जरा जादा वेळ सोडा. पण घरी आम्हालेच एक लोटा जादा सांडू देत नव्हते, भांडे घासलेलं पाणी झाडाले, आंघोळीचं पाणी अंगणात, अन उन्हाळ्यात कूलर भराचं काम फक्त त्याइचं, दुसऱ्यानं भरलं तं सांडते म्हणे. आता रिटायर झाले तरी तेच. पाणी एका दिवसाआड येते अन हे पहाटेपासून नळापाशी बसून राहतात, जसं काही त्याइनंच सोडाचं हाये.

मी संत्र्याच्या कामाले गेली. सीझनमध्ये मंडीत ढिगाऱ्यापाशी उभं राहाचं, लहान संत्रा इकडे, मोठा तिकडे, डागवाला बाजूले, अन लाकडाच्या पेटीत खाली तणस टाकून थर लावाचे. दिवसभर उभं राहून गुडघे गेले माझे. आता बसली तं उठवत नाही अन उठली तं बसवत नाही, काय सांगू तुम्हाले. पण त्या पेट्यांनी आमचं घर चाललं. चुलीले पेटी, भांड्याले पेटी, प्रज्ञाचे पुस्तकंही पेटीत, अन लहान होती तवा तीही पेटीत, मी काम करत राहो अन ही त्यात बसून सालपटं चघळत राहे.

प्रज्ञा आमची एकुलती एक. बारावी झाली, कम्प्युटरचा कोर्स केला, मंग लग्न करून दिलं. तिकडं काय झालं ते मी नाही सांगत, तिनं मले सांगतलं ते माझ्यापाशी राहू द्या. एक दिवस एक बॅग घेऊन आली, बाबानं दार उघडलं, बॅग आत घेतली, अन ती मागच्या खोलीत गेली, टिनाची खोली हाये ना मागं, तिथं, अन बाई, गेली ते गेलीच. जेवते का, हो. आणखी पोळी घेते का, नाही. एवढंच. मंग ती पुन्हा दार लावून घे. बोलकी पोरगी होती माझी, शाळेत चौदा एप्रिलले भाषण करे तं माईक नाही लागे, अन तिच्या घरात असल्याचा आवाजच बंद झाला. लोकं विचारत, पोरगी कवा जाते सासरी? मी सांगत राहिली, जाईन, जाईन. मंग सांगून सांगून थकली, मंग विचारणारेही थकले.

अन एक दिवस दुपारी मी भाजी निवडत बसली होती तं खोलीतून आवाज आला, पीछे देख, पीछे, अरे पागल पीछे! अन मंग हसणं. असं खळखळून. मले वाटलं कोणी आलं काय घरात, जाऊन पाहते तं एकटीच, कानाले ते लावलेलं, हातात मोबाईल, अन मोबाईलमध्ये ढिश्यांव ढिश्यांव. गेम खेळून राहिली होती. मैत्रिणी होत्या म्हणे, एक इटारसीची, एक बैतूलची, एक अकोल्याकडची, कोणीच कोणाले समोरून पाह्यलेलं नाही, पण रोज सोबत खेळत. मी दार हळूच लावून घेतलं अन भाजी निवडाले बसली, अन तुम्हाले खरं सांगते, ते भाजी काय निवडली मी, चांगली पानं फेकली अन देठं शिजवली.

तवापासून मी त्या हसण्याची वाट पाहत जाओ, मंग सारं काम हळू हळू करो, भांडं वाजू देत नव्हती. शेजारची शांताबाई विचारे, काय करते वं पोरगी दिवसभर खोलीत? मी म्हटलं, गोळ्या मारते. कोणाले? म्या म्हटलं, जावई समोर नाही ना, म्हणून त्या मोबाईलातल्याले. तवापासून नाही विचारलं तिनं.

प्रज्ञाच्या बाबाले मात्र पटे नाही. लग्न झालेली पोरगी अन बंदूक चालवून राहिली, म्हणत. तिले नाही, मले म्हणत, पण तिले ऐकू जाईन असं म्हणत.

मंग पुन्हा तो आवाज कमी झाला. पुन्हा हो, पुन्हा नाही. मी भ्याली. विचारलं तं म्हणे, आई, त्या साऱ्या कम्प्युटरवर खेळून राहिल्या आता, नवीन गेम हाये, मोबाईलवर चालतच नाही. त्या थांबल्या होत्या माह्यासाठी, पण कितीक दिवस थांबतीन? मी म्हटलं, मंग घे कम्प्युटर. तं हसली, वाईट हसली, म्हणे, आई, गेमचा कम्प्युटर म्हणजे काय सस्ता असते का?

पण त्याच्यासाठी पोरगी दाराबाहेर निघाली. बसस्टँडपाशी फार्म भराचं, फोटोकॉपीचं दुकान हाये, तिथं कामाले लागली. इतक्या दिवसांनी तिनं चप्पल घातली तं चपलेवर धूळ होती. पगार जमवत गेली अन संध्याकाळी मले समजावून सांगे, काय घ्याचं अन काय नाही. मी पोळ्या लाटो, ती परातीपाशी बसून बोले. आई, नवीन सारं घेतलं तं आपल्या बसचं नाही. एखाद्या हापिसातून निघालेला जुना कम्प्युटर घ्याचा, त्याचं डोकं चांगलं असते, फक्त चित्रं काढाची ताकद नसते त्याच्यात, त्याच्यासाठी वेगळं कार्ड लागते, ते वापरलेलं घ्याचं. लाईटं नको, रंगीत-बिंगीत काही नको. मॉनिटर जुना चालते. कीबोर्डाचे अक्षरं मिटले तरी चालते, मले पाठ हायेत. मी म्हटलं, बाई, हे तं माह्या संसारावाणीच हाये, दुसऱ्याचं उतरवलेलं घ्या अन आपलं म्हणा. ती म्हणे, हो आई, तसंच.

आमी दोघी पॅसेंजरनं नागपूरले गेलो, सीताबर्डीले. जिथं पाहाल तिथं वायरीच वायरी. दुकानदार पोऱ्या होता, म्हणे, आंटी, आप खेलोगे क्या? मी म्हटलं, पहिले भाव बोल, मंग खेळते. मी तिथं मंडीवाणी भाव केला, अर्ध्यावर आणलं, मंग उठून चालली, तो काही हाक मारे नाही. उलटा म्हणे, आंटी, ये भाजी नहीं है. मी म्हटलं, भाजीवाला वरून कोथिंबीर तं देते, तू काय देते? प्रज्ञा तोंडाले ओढणी लावून हसे. जुना कम्प्युटर घेतला, कार्ड घेतलं, त्याले लावून पाह्यलं, घंटाभर चालवून पाह्यलं, तवा पैसे दिले. मंग करंटचा डब्बा घ्याचा होता, जो साऱ्याले करंट वाटून देते तो. तिथं एक सस्ता होता, एक महाग. मी म्हटलं, हा सस्ता घे ना, डब्बाच तं हाये, आत कोण पाहाले जाते. तं पोरगी माह्यावर अशी आवाज चढवून बोलली, आई, इथं नाही! सारीकडे वाचवू, इथं नाही वाचवाचं, हा खराब निघाला तं बाकी सारं घेऊन जाते! दुकानात सारे वळून पाहाले लागले. अन मी, काय सांगू, मले राग नाही आला, मले वाटलं, आली माही पोरगी परत. महागच घेतला.

वरची पेटी, क्याबिनेट म्हणतात, ते घेतलंच नाही. जुन्या कम्प्युटरच्या पेटीत ते मोठं कार्ड बसे नाही अन नव्या पेटीचे पैसे कार्डात गेले होते. मंग म्हणे, आई, तुही पेटी दे. माळ्यावरून काढली मी, संत्र्याची, चांगली खिळ्याची पेटी. तिनं तिच्यात खाली लाकडाचं फळकूट ठोकलं, सारं बसवलं, पट्ट्यांच्या फटीतून हवा येते, म्हणे, पंखाही एक वाचला. बाबा दारातून पाहून गेले, म्हणे, संत्र्याच्या पेटीत आता हे काय पिकवून राहिल्या माय-लेकी. पण चालू झालं तं बाई, अन त्या संध्याकाळी चौघीइचा असा गोंधळ, मी आली रे, मी आली! इटारसीची पोरगी तिकडून मले म्हणे, आंटी नमस्ते. मी कोणाले नमस्ते करू, त्या पेटीले केला.

हिवाळा चांगला गेला. मंग उन्हाळा लागला, अन आमचा उन्हाळा तुम्ही पाहूनच राहिले. टिनाची खोली अशी तापे का हात लावता येत नव्हता भिंतीले. कम्प्युटर खेळता खेळता बंद पडे. प्रज्ञा म्हणे, गरम होते त्याले, दुसरं काही नाही, गरमीनं बंद पडते. बाबा तिथंच जेवत होते, मान खाली. कूलर आमच्या घरी एकच, मधल्या खोलीत, त्याच्यासमोर बाबाची खाट. ती जागा त्याइची. फक्त कोणी उनातून आलं, पाहुणा असो, पोस्टमन असो, तं हे उठतात अन म्हणतात, बसा इथं, अन स्वतः बाजूले जाऊन बसतात. जिंदगीभर तसंच.

नवतप्यातली गोष्ट, उन्हाळ्याचे ते सगळ्यात तापते नऊ दिवस. मी विहाराकडे गेली होती, वंदना होती, प्रज्ञा दुकानात. कम्प्युटर ती चालूच ठेवून गेली होती, गेम उतरून राहिला होता, आमचं नेट असं का एका गेमले दिवस लागे. मी परत आली तं घरात कूलरचा आवाज, पण नेहमीच्या जागी कूलर नाही. पाहते तं यायनं, प्रज्ञाच्या बाबानं, तो एवढा जड कूलर एकट्यानं ओढत मागच्या खोलीच्या दारात नेला, तोंड संत्र्याच्या पेटीकडे, काठोकाठ पाणी भरलेलं, तोच भरणारा माणूस, तो अर्ध्यावर कसा ठेवीन. अन पाण्याचे शितोडे उडून राहिले, पेटी ओली, आतल्या वायरी ओल्या, जळल्यासारखा वास, अन स्क्रीन काळी. अन हे मधल्या खोलीत, चटईवर, त्या भट्टीत, घामानं बनियन अंगाले चिटकलेली, हातात पेपरची घडी घेऊन झोपलेले.

पहिले मी मेन बटन बंद केलं. मंग यायले उठवलं. पाह्यलं त्याइनं, अन बसून गेले. म्हणे, म्या म्हटलं त्याले गरम होऊन राहिलं असन.

बाई, संध्याकाळपर्यंत मी सांडलेलं पाणी पुसत राहिली. माह्या डोळ्यासमोर एकच, ते दार. आता ही येईन, पाहीन, आत जाईन, दार लावीन, अन मंग पुन्हा हो अन पुन्हा नाही, अन आता माह्यात तेवढी ताकद नाही पुन्हा तिची वाट पाहाची.

ती आली. चप्पल काढली. दारातला कूलर पाह्यला, पेटी पाह्यली, हात घालून पाह्यला. बाबा उभे राह्यले, म्हणे, म्या केलं. ती त्याइच्या तोंडाकडे पाहाले लागली, मंग चटईकडे, मंग बनियनकडे. म्हणे, बाबा, तुम्ही इथं झोपले? उकाड्यात? हे म्हणे, तूच तं म्हणत होती, गरमीनं बंद पडते.

ती उंबऱ्यावर बसली. खांदे हालाले लागले तिचे. मले वाटलं रडते, मंग वाटलं हसते, काय ते मले आजही नाही सांगता येत. अन मंग एकदम उठली अन जे बोलली बापाले, जे बोलली! बाबा, पाणी अन करंट! तुमाले समजते का काही? हात लावला असता ओल्या पेटीले तं? जिंदगीभर पाण्याच्या खात्यात राह्यले अन एवढं नाही समजत! कम्प्युटर गेला तं दुसरा येते, बाप कुठून आणू मी? इतक्या जोरात का शांताबाई भिंतीवरून पाहाले लागली. अन ज्या माणसासमोर कोणी घरात आवाज नाही चढवला, तो मान खाली घालून ऐके. अन मी भिंतीले टेकून उभी, मनात म्हणो, बोल पोरी, बोल, आणखी बोल.

दार तिनं नाही लावलं. अंगणात पेटी आणून सारं खोललं, पुसलं, बाबा वाळवण घातल्यावाणी एकेक तुकडा जुन्या धोतरावर मांडत गेले, हे काय वं, हे कशाचं? करंटचा डब्बा आपल्या आपण बंद झाला होता म्हणे, म्हणून कार्ड वाचलं. खालचा मोठा पत्रा गेला, ज्याच्यावर सारं बसवतात तो. आता तोच पाह्यजे, जुनाच, सस्त्यातला.

आज दोघं त्याच्यासाठीच गेले नागपूरले, म्हणून घर असं चूप हाये. सकाळी जातानी हे विचारत होते, भाव करू का नको? ती म्हणे, बाबा, तुम्ही फक्त थैली धरा. मिळन, नाही मिळन, कोण जाणे. त्या मैत्रिणी थांबतीन का, तेही नाही माहीत मले. सासरचं अजून काहीच ठरलं नाही. मी आता ठरवणं सोडून देल्लं बापा, गुडघे दुखतात, झोप येते, झोपते.

पण तुम्ही उनातून आल्या अन मी केव्हाची बोलतच बसली. सुखी राहा बाई, लेकरंबाळं सुखी राहो तुमचे. ते वही-बिही जरा बाजूले ठेवा, ओली होईन. मी कूलरचं तोंड तुमच्याकडे फिरवते.