हवा नको

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील पाहुणे, आजच्या सत्कारमूर्ती म्हणजे माझी सख्खी मावशी, प्रयोगशाळेतली सर्व मंडळी आणि खुर्च्या संपल्या म्हणून भिंतीला टेकलेल्या श्रोतेहो,

कार्यक्रमपत्रिकेत माझ्यापुढे ‘दोन शब्द’ असं छापलंय. माझ्याकडे खरंच दोनच आहेत, आणि तुम्ही मघाशी ज्याला टाळ्या वाजवल्यात त्या स्मृतिचिन्हाबद्दलचे आहेत.

मावशीने सगळी नोकरी एका प्रश्नामागे घातली: समुद्रात ऑक्सिजन आला कधी? मला वाटायचं, समुद्र म्हटला की मासे आले, मासे म्हटले की ऑक्सिजन आला. जेवताना तसं बोललो, तर म्हणाली, “शहाण्या, पृथ्वीच्या जवळजवळ निम्म्या आयुष्यात समुद्रात तो नावालासुद्धा नव्हता. पाण्यात लोखंड विरघळलेलं असायचं, मीठ असतं तसं.” पुढे सूक्ष्म जीव ऑक्सिजन सोडू लागले, तो लोखंडानेच गिळला आणि गंज होऊन तळाशी बसला. अडीच अब्ज वर्षांपूर्वीच्या सुमारास तो हवेत टिकायला लागला. वरचं पाणी सुधारलं, तळ मात्र आणखी अब्जावर वर्षं कोंडलेलाच. नंतरही ऑक्सिजन वाढला, घटला, परत वाढला. मधूनच समुद्र गुदमरले आणि त्यातले जीव पटापट गेले. “जिना नाही रे तो, झोका आहे,” असं ती म्हणते. झोक्यावरून आठवलं, मी एका बागेत झोपाळे रंगवायला होतो तेव्हा... पण ते राहू द्या. भरकटायची सवयच आहे मला.

हवेत टिकण्याच्याही आधी समुद्रात ऑक्सिजनची एखादी झुळूक येऊन गेली होती का? हा तिचा शेवटचा प्रश्न. उत्तर मिळालं तर एका काळ्या दगडात मिळणार होतं. तेव्हाचा चिखल, दगड झालेला, खोल भोक पाडून वर काढलेला. असा दगड उघड्यावर कापला, तापवला, की आजची हवा आत शिरते आणि जुन्या खुणा पुसट होतात. म्हणून तो हवाबंद पिशवीत होता. वर चिठ्ठी: ‘हवा नको’.

मावशी निवृत्त होणार म्हणून मागच्या आठवड्यात मी तिची इथली खोली आवरत होतो. बाकीच्या दगडांवरही चिठ्ठ्या होत्या. ठेवायचा त्यावर ‘हवा’, टाकायचा त्यावर ‘नको’. ह्याच्यावर ‘हवा नको’. मला वाटलं, बाईंनी आधी हवा म्हटलं, मग मन बदललं.

कुणाला विचारावं, हेसुद्धा सुचलं नाही. पिशवी फाडली, अर्धा कापून स्मृतिचिन्हासाठी पॉलिशवाल्याला दिला. त्याने तापवून, भेगांत लाख भरून आरशासारखा केला.

मघाशी मावशीने स्मृतिचिन्हावरचा कागद सोडला, तेव्हा ती गहिवरली असं तुम्हाला वाटलं. ती हळूच म्हणाली, “हा कुठला रे?”

“तुझ्याच कपाटातला. नको असलेला.”

“उरलेला कुठाय?”

“खिडकीत. पेपर उडतात म्हणून ठेवलाय त्यांच्यावर.”

तिने डोळे मिटले. मग शेजारच्या डॉक्टरबाईंच्या कानाला लागली, कारण तिचं काम आता त्याच पुढे नेणार आहेत. तुमच्या टाळ्या चालू असतानाच त्या उठून धावत बाहेर गेल्या. फोन आला नव्हता त्यांना. त्या खिडकीकडे गेल्यात, आणि अजून परतलेल्या नाहीत.

त्या अर्ध्याच्या गाभ्यापर्यंत हवा पोचली नसेल, असं मावशी म्हणते. ‘नसेल’ म्हणते. ‘नाही’ म्हणत नाही.

तुमच्यासमोर मान वर करून उभं राहणं मला जमत नाहीये. अध्यक्षांनी बोलायला वेळ दिला आणि तुम्ही ऐकून घेतलंत, त्याबद्दल मी आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर मोठ्या मनाने पोटात घाला. दगडाचं मात्र घालू नका. मावशी, तूसुद्धा घालू नकोस. आता व्यासपीठावर स्मृतिचिन्हासोबत सगळ्यांचा फोटो व्हायचा आहे. तो कृपया माझ्याशिवाय काढावा.