उलटा पिकअप

राजेहो, मिशी काहून काढली म्हणून विचारता, तं ऐका. माह्या जुन्या टू-स्ट्रोक मोटरसायकलची अन् प्रमोदभाऊच्या गाडीची नेर रोडवर शर्यत लागलती. जो हरन त्यानं मिशी उतरवायची.

आमच्या दोस्तानं, गजूनं, रुमाल वर धरला अन् माही गाडी बंद पडता पडता झटका खाऊन पुन्हा सुरू झाली. अशा झटक्यानं जुन्या टू-स्ट्रोकचं इंजिन कधीकधी उलटं फिरते, पण मिशीच्या धाकात कोणाले आठवते? रुमाल पडला, मी पहिला गिअर टाकून क्लच सोडला. प्रमोदभाऊ सुटला पुढं अन् मी सुसाट मागं, थेट कपाशीच्या वावरात!

गजू धावत आला. म्हणे, "मिशी तं गेली तुही. पण पिकअप तुह्याच गाडीचा भारी हाय. पुढच्या खेपेले फक्त उलटं तोंड करून बसजो!"